आवाज बंद!

सायलेन्सर हा शब्द मला प्रथम कळला तो आमच्या स्कूटरमुळे. एकदा तो गळून रस्त्यात पडला, आणि मी घरी येतोय ही बातमी माझ्या आधी दहा मिनिटे सबंध आळीला पोचली. तेव्हापासून सिनेमातला व्हिलन रिव्हॉल्व्हरला नळकांडे पिळू लागला, की मला आमची स्कूटरच आठवते. आणि हे नाते खरेच सख्खे आहे बरं का! हायरम पर्सी मॅक्झिम या अमेरिकन गृहस्थाने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट घेतले आणि पुढे तीच युक्ती इंजिनांनाही लावली.

युक्ती साधी. सोड्याची बाटली फाट्कन उघडली की दणका, हळूहळू उघडली की नुसते फुस्स. गोळीमागचा तापलेला वायू नळकांड्यातल्या पडद्यांमागे थोडा रेंगाळवला की त्याचाही राग निवतो. व्हिलनला मात्र हे कोणी सांगितलेले नसते. बहुतेक रिव्हॉल्व्हरांत चक्र आणि नळी यांच्यात फट असते. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचे सताड उघडे!

पिस्तुलांत मात्र दोन घराणी. वरून पिळायचे नळकांडे हा भाडेकरू. हवा तेव्हा ठेवा, नको तेव्हा काढा. पण पुष्कळ पिस्तुलांत झाडताना नळीच मागे सरकते; तिच्या नाकावर हे ओझे आले की यंत्र अडखळते. शिवाय नेम धरायची माशी झाकली जाते ती वेगळीच. दुसरा, नळीभोवती जन्मजात बांधलेला, हा घरजावई. तो काढता येत नाही, पण घराशी जमवून घेतो. काहींत नळीलाच भोके पाडून वायू आधीच सोडतात, म्हणजे गोळी ध्वनीच्या वेगाखाली, सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या आत राहते आणि तिचा स्वतःचा कडाका होत नाही. जोर मात्र कमी होतो. घरजावयाचेही तेच.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी वेल्विनच्या गुप्त कारखान्यात वेलरॉड बनवले. मूठ काढली की थेट सायकलचा पंप! दर गोळीला खटका हाताने फिरवायचा, म्हणजे यंत्राची खटखटसुद्धा नाही. आतल्या रबरी चकत्या मात्र थोड्याच गोळ्यांत झिजत. अमेरिकनांचे हाय स्टँडर्ड त्याच जातीचे. हेरखात्याचे प्रमुख डोनोव्हन यांनी रूझवेल्टसाहेब पत्र सांगत असताना त्यांच्याच खोलीत वाळूच्या पोत्यात गोळ्या झाडल्या, आणि साहेबांना पत्ता नाही, असे सांगतात. १ मे १९६० रोजी रशियात पाडलेल्या यू-२ च्या वैमानिकाजवळही तेच निघाले. गाजावाजा मात्र जगभर झाला!

पण मला चटका लावते ती दुसरीच गोष्ट. या पर्सीचे वडील म्हणजे १८८४ ची मशीनगन काढणारे मॅक्झिम. स्वतःच्याच तोफखान्याने म्हाताऱ्याचे कान पार गेले. बापाने आवाज काढला, मुलाने तो गिळायचे नळकांडे केले; पण बापाच्या कानांना ते कधीच लाभले नाही.

आमचे नाना गिरणीत साच्यांवर तीस वर्षे होते. तिथे सायलेन्सर कोण बसवणार? निवृत्त होऊन आले तेव्हा घर शांत होते, आणि नानाही. माझी स्कूटर बोंबलत आळीत शिरली त्या संध्याकाळी सगळे शेजारी खिडकीत आले. नाना तेवढे ओट्यावर पेपर वाचत होते. मी समोर उभा राहिलो, तेव्हा मान वर करून म्हणाले, "आज गाडी अगदी गुपचूप आली रे!"

दुसऱ्या दिवशी सायलेन्सर बसवून आणला. नानांना काही सांगितले नाही.