पेढ्यांची पेढी आणि कृष्णाकांठच्या दोन बँका

कोणतीहि बँक लोकांच्या ठेवी जशाच्या तशा तिजोरींत बांधून ठेवीत नाहीं. १०० रुपये आले, तर त्यांतील थोडे हाताशीं ठेवावयाचे आणि बाकीचे ऊंसवाल्याला, दुकानदाराला, घर बांधणाराला व्याजानें द्यावयाचे, हाच तिचा धंदा. सगळे ठेवीदार एकाच दिवशीं दाराशीं येणार नाहींत, या भरंवशावर तो चालतो. ज्या दिवशीं ते येतात, त्या दिवशीं भली बँकहि डळमळते. अशा प्रसंगीं इतर बँकांना आधार देणारी, एरवीं त्यांच्यावर नजर ठेवणारी आणि नोटा काढण्याचें काम स्वतःकडे राखणारी जी पेढ्यांची पेढी, तिलाच मध्यवर्ती बँक म्हणतात. बँक ऑफ इंग्लंड १६९४ सालीं निघाली आणि हीं कामें तिनें हळूहळू अंगावर घेतलीं. हिंदुस्थानांत रिझर्व्ह बँकेचे दरवाजे उघडले, ते १ एप्रिल १९३५ रोजीं.

तत्पूर्वीं १८६१ च्या कायद्यानुसार नोटा सरकार काढीत असे. १९२१ सालीं तीन इलाख्यांच्या बँका एकत्र होऊन इंपीरियल बँक झाली, तरी चलन सरकारकडेच राहिलें. नोटा एकानें काढाव्या, कर्जाचा ओघ दुसऱ्यानें सांभाळावा आणि दोहोंचा मेळ कोणीच घालूं नये, अशी ती अवस्था होती. तिच्या चौकशीसाठीं हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखालीं शाही कमिशन नेमलें गेलें. त्याच्यापुढें १९२५ सालीं साक्ष देणाऱ्यांत डॉ. भीमराव आंबेडकर होते. साताऱ्याशीं त्यांचा संबंध बाळपणाचा. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं त्यांचें नांव तेथील सरकारी शाळेंत, म्हणजे पुढच्या प्रतापसिंह हायस्कुलांत, दाखल झालें. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२३ सालीं प्रसिद्ध झाला होता. रुपयाचा पौंडाशीं असलेला भाव टिकला म्हणजे झालें, हें सरकारी मत त्यांना मान्य नव्हतें. रुपयाला बाजारांत काय मिळतें, हें महत्त्वाचें. आणि तें स्थिर राखावयाचें तर चलन काढणाऱ्याच्या हाताला कायद्याची मर्यादा हवी, असें त्यांचें प्रतिपादन होतें. महागाईंत मजुरीवर पोट भरणारा प्रथम भरडला जातो, ही जाणीव त्यामागें होती. रिझर्व्ह बँक त्यांच्या ग्रंथांतूनच जन्मली, असें पुष्कळदां म्हटलें जातें. तें बोलणें थोडें अधिक आहे. मध्यवर्ती बँकेची शिफारस कमिशनची होती, आणि डॉक्टरांचा भर बँकेपेक्षां चलनाच्या मर्यादेवर होता. मात्र नोटा छापणाऱ्याला आवर कोण घालणार, हा प्रश्न इतक्या रोखठोकपणें मांडणारे थोडेच होते.

शिफारस १९२६ ची. कायदा होण्यास १९३४ उजाडलें. भांडवल ५ कोटी रुपयांचें, तेंहि खाजगी भागधारकांचें. १९४३ सालीं चिंतामणराव देशमुख हे बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले, आणि १ जानेवारी १९४९ रोजीं बँक राष्ट्राच्या मालकीची झाली.

मुंबई-दिल्लीकडे हें चाललें असतां कृष्णाकांठच्या लोकांनीं आपल्या पेढ्या आपणच उभ्या केल्या. स्वदेशीच्या वाऱ्यानें मध्यमवर्गाला काटकसर आणि भांडवल यांचें नातें शिकविलें होतें. साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनीं १९१३ सालीं वेस्टर्न इंडिया ही विमा कंपनी काढली, आणि १९३६ सालीं युनायटेड वेस्टर्न बँक. सांगली बँक त्याहून जुनी, १९१६ ची. गंमत अशी, कीं १९३४ चा कायदा ब्रिटिश मुलखाचा. सातारा त्या मुलखांतला जिल्हा. सांगली मात्र १९४८ पर्यंत पटवर्धनांचें संस्थान. पुढें १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला, तोच १९६० पासून सांगली जिल्हा. १९४९ च्याच बँकिंग कायद्यानें परवाना देण्याचे आणि तपासणीचे अधिकार रिझर्व्ह बँकेस मिळाले.

ते पुरे नाहींत, हें १९६० सालीं कळलें. त्या वर्षीं अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळांतील पलाई सेंट्रल बँक बुडाली. मग कायद्यांत दुरुस्ती होऊन आजारी बँकेचे व्यवहार कांहीं काळ थोपवून तिला दुसऱ्या बँकेंत विलीन करण्याची तरतूद झाली. १ जानेवारी १९६२ पासून ठेवींचा विमाहि सुरू झाला. आरंभीं तो प्रत्येक ठेवीदारामागें १,५०० रुपयांपुरताच होता.

साताऱ्याला या तरतुदीची ओळख पटली ती २००६ सालीं. युनायटेड वेस्टर्नच्या त्या वेळीं सुमारें २३० शाखा होत्या, पण बुडीत कर्जांनीं तिचें भांडवल खाल्लें होतें. शनिवार, २ सप्टेंबर, गणेशोत्सवाचे दिवस. रिझर्व्ह बँकेच्या विनंतीवरून केंद्र सरकारनें बँकेचे व्यवहार तीन महिन्यांसाठीं थोपविले. ठेवीदाराला १०,००० रुपयांपलीकडे काढतां येईना. पेन्शनीवर जगणाऱ्या घरांत, लग्न ठरलेल्या घरांत या आंकड्याचा अर्थ काय, हें सांगावयास नको. दहा दिवसांत आयडीबीआय बँकेंत विलीन करण्याचा निर्णय झाला आणि ३ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं, त्याच शाखा नव्या नांवानें उघडल्या. ठेवींतील एक पैहि बुडाली नाहीं. भागधारकांना मात्र एका शेअरमागें २८ रुपये घेऊन दूर व्हावें लागलें, आणि कर्जाचे मोठे निर्णय साताऱ्यांत होणें थांबलें. ठेवीदार वांचला हें खरें. पण ज्या गांवानें बँक सत्तर वर्षें वाढविली, त्या गांवाला विचारण्याची सोय या कायद्यांत नव्हती.

सांगलीचा प्रकार निराळा. खाजगी बँकांचें स्वतःचें भांडवल ३०० कोटींचें असावें, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक २००५ सालीं आला. लहान बँकांना तो जड होता. सांगली बँकेच्या भागधारकांनीं विलीनीकरणाचा मार्ग स्वीकारला; ९२५ शेअरांमागें आयसीआयसीआयचे १०० मिळाले, आणि १९ एप्रिल २००७ रोजीं नव्वद वर्षांची पाटी उतरली.

त्यानंतर कारभाराचें ठाणें गांवांतच असलेल्या राहिल्या त्या मुख्यतः सहकारी बँका. त्यांच्यावर सरकारचा सहकार विभाग आणि रिझर्व्ह बँक असे दोन धनी दीर्घकाळ होते. २०२० च्या दुरुस्तीनें रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. त्याच वर्षीं ठेवविम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर गेली होती. ७ डिसेंबर २०२० रोजीं कऱ्हाड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला, तेव्हां शंभरांतील नव्याण्णवांहून अधिक ठेवीदार या मर्यादेंत बसत होते.