न आलेल्या मतदारांची चौकशी

मतदान संपल्यावर केंद्रावरील अधिकारी जो हिशेब लिहितो, तो आलेल्या माणसांचा असतो. मते किती पडली, मतपत्रिका किती उरल्या, हे सारे आकड्यांत उतरते. जो आलाच नाही, त्याच्या नावापुढची जागा मात्र कोरी राहते. आपल्यापैकी पुष्कळांनी परक्या मुलखात अशी कामे केली असल्यामुळे ही कोरी जागा आपल्या ओळखीची आहे. तिच्याकडे पाहून एका विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागाने एक साधा प्रश्न विचारला, आणि त्यातून त्या शास्त्राचे रूप बरेच पालटले. हा विभाग शिकागो विद्यापीठाचा. त्याची हकीकत आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत.

विसाव्या शतकाच्या आरंभी राज्यशास्त्र म्हणजे मुख्यतः राज्यघटना, कायदे आणि थोर तत्त्वचिंतकांचे ग्रंथ यांचे अध्ययन. १९०० साली शिकागोत अध्यापक झालेले चार्ल्स मेरियम याच परंपरेत वाढले होते. परंतु विद्यापीठाबाहेरचे शहर त्यांना स्वस्थ बसू देईना. १९०९ साली ते नगरसभेवर निवडून आले. १९११ साली महापौरपदासाठी उभे राहिले आणि कार्टर हॅरिसन यांच्याकडून पराभूत झाले. ग्रंथांतली लोकशाही आणि वॉर्डातली लोकशाही यांमधील अंतर त्यांना असे प्रत्यक्ष अनुभवाने कळले. १९२३ साली विभागाची सूत्रे त्यांच्या हाती आली.

त्याच वर्षी शिकागोत महापौराची निवडणूक झाली. मतदानास पात्र असलेल्या सुमारे १४ लाख लोकांपैकी ९ लाखांनी नावे नोंदविली आणि प्रत्यक्ष मत दिले ते सव्वासात लाखांच्या आसपास लोकांनी. म्हणजे जवळजवळ निम्मे शहर घरी राहिले. मेरियम आणि त्यांचे तरुण सहकारी हॅरॉल्ड गॉस्नेल यांनी ठरविले की, या घरी राहिलेल्यांनाच जाऊन विचारावे. सुमारे ६,००० माणसांच्या मुलाखती घेण्यात आल्या आणि १९२४ साली त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्या उत्तरांत कोणी आजारी होता, कोणी गावाला गेला होता; पुष्कळांना निवडणुकीचे काही सोयरसुतकच नव्हते. परंतु इतरही कारणे निघाली. एका दिवसाची मजुरी बुडेल ही धास्ती, मतदानाच्या जागी कसे वागावे हे ठाऊक नसल्याचा संकोच, राजकारणाचा वीट. अमेरिकेत सर्व स्त्रियांच्या मताधिकाराला घटनेची हमी १९२० साली मिळाली होती; तरीही स्त्रियांनी मत देऊ नये असे मानणाऱ्या स्त्रियाच शिकागोत आढळल्या, आणि नवऱ्याला पसंत नाही म्हणून न गेलेल्याही आढळल्या. ‘लोक उदासीन आहेत’ हे एक वाक्य लिहून जो विषय संपला असता, त्याची अशी अनेक निरनिराळी दुःखे झाली. काही दुःखांवर कचेरीला इलाज करता येण्यासारखा होता, काहींवर नव्हता. पण कोणती कोणत्या जातीची, हे तरी कळले.

१९२४ सालीच गॉस्नेलने आणखी एक पाऊल टाकले. सुमारे ६,००० नागरिकांचे त्याने दोन गट केले. एका गटाला नावनोंदणीची व मतदानाची आठवण देणारी पत्रके टपालाने पाठविली, दुसऱ्याला काही पाठविले नाही. इंग्रजी न वाचणाऱ्यांसाठी पोलिश, झेक आणि इटालियन भाषांतही पत्रके काढली. ज्यांना पत्रके गेली त्यांची नोंदणी अधिक झाली. राष्ट्राध्यक्षाच्या गाजलेल्या निवडणुकीत फरक थोडाच पडला; नगरसभेच्या निवडणुकीत, जिचा बोलबाला कमी, तो ठळक दिसला. परप्रांतात राहून अनोळखी भाषेतील नोटिसा वाचण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला आहे, त्यांना या प्रयोगाचे मर्म सांगावयास नको.

या विभागातले जीवन असे घराबाहेर पडणारे होते. लेनर्ड व्हाइट यांनी १९२६ साली लोकप्रशासनावर लिहिलेला ग्रंथ अमेरिकेतील त्या विषयाचे पहिले पाठ्यपुस्तक मानला जातो. पुढे ते केंद्रीय सनदी सेवा आयोगावरही बसले. १९३५ साली हर्बर्ट सायमन नावाचा विद्यार्थी मिलवॉकी शहरी गेला. तेथील क्रीडांगणांचा कारभार शाळामंडळ आणि नगरपालिका यांच्याकडे वाटलेला होता, आणि पैसा देखभालीवर किती व खेळ शिकविणाऱ्यांवर किती खर्चावा याचा वाद चालला होता. अर्थशास्त्राच्या पुस्तकातला हिशेब तेथे कोणीच करीत नव्हते. प्रत्येकजण आपल्या खात्याच्या खिडकीतून दिसेल तेवढेच पाहून निर्णय घेत होता. माणसाच्या विवेकाला असलेल्या मर्यादांचा सायमनचा सिद्धांत येथे रुजला, आणि १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या वादावर आपल्याकडे टिपणांमागून टिपणे चढली असती, त्यातून एक शास्त्रीय विचार जन्मला.

परंतु ही कथा केवळ यशाची नाही. १९२९ साली रॉबर्ट हचिन्स वयाच्या तिसाव्या वर्षी विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. त्यांची श्रद्धा अभिजात ग्रंथांवर आणि तत्त्वज्ञानावर. दारोदार हिंडून जमविलेल्या आकड्यांविषयी त्यांना फारसा आदर नव्हता. १९३८ साली हॅरॉल्ड लासवेल हे प्रचार व राजकीय मानसशास्त्र यांचे नामांकित अभ्यासक विभाग सोडून गेले. त्यांचे सामान नेणाऱ्या गाड्यांना वाटेत अपघात होऊन आग लागली आणि वर्षानुवर्षांची टिपणे भस्मसात झाली. १९४० साली मेरियम निवृत्त झाले, १९४२ साली गॉस्नेलही वॉशिंग्टनला सरकारी कामावर गेले. दोन दशकांत उभे राहिलेले घर असे रिकामे होत गेले.

हचिन्सचा पक्ष अगदीच पोकळ होता असे आम्ही म्हणणार नाही. लोकशाही कशासाठी, हा प्रश्न मोजमापाने सुटत नाही. मोजल्याने सुधारणा आपोआप घडते असेही नाही. शहरातील पक्षयंत्रणा १९३०च्या दशकातील मंदीतही कशी तग धरून राहिली, हे स्वतः गॉस्नेलनेच १९३७ साली दाखवून दिले. परंतु लोकशाहीबाहेर कोण उभे आहे हे पाहण्यासाठी दारापर्यंत जावेच लागते.

आपल्या देशालाही हे लवकरच दिसले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त असताना, सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच सांगितले होते. त्या निवडणुकीचे प्रांतवार वृत्तांत पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्रा. कोगेकर आणि रिचर्ड पार्क यांनी संपादित केले व १९५६ साली मुंबईत ते ग्रंथरूपाने निघाले. १९६७ साली दिल्लीच्या विकसनशील समाज अध्ययन केंद्राने देशभर मतदारांच्या मुलाखती घेतल्या. शिकागोने विचारलेला प्रश्न अशा रीतीने आपल्याही दारी आला.

मेरियमचा विभाग विखुरला, पण त्याचे विद्यार्थी ज्या ज्या विद्यापीठांत गेले तेथे ही चौकशीची सवय घेऊन गेले. ती सवय केवळ प्राध्यापकांनी जपावी असे नाही. आपल्या टेबलावर जे अर्ज येतात त्यांचा निकाल आपण लावतोच; ज्यांचा अर्ज आलाच नाही, त्यांना काय आडवे आले असेल, एवढे एकदा विचारून पाहिले, तर त्या विभागाचे ऋण थोडे तरी फिटेल.