जेम्सटाउनच्या तळघरातली मुलगी

हा भाग जेवताना ऐकत असाल तर आधी जेवून घ्या. खरंच सांगतोय.

आपण चाललोय अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या जेम्स नदीकाठी. मे 1607 मध्ये शंभरेक इंग्रज पुरुष आणि मुलगे इथं उतरले आणि लाकडी खांब रोवून त्यांनी त्रिकोणी किल्ला उभारला. नाव जेम्सटाउन. अमेरिकेत इंग्रजांची टिकलेली ही पहिली वसाहत. पैसा व्हर्जिनिया कंपनीचा, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीसारखीच लंडनच्या भागधारकांची कंपनी.

जागा दलदलीची, उन्हाळ्यात नदीचं पाणी मचूळ. त्यात दुष्काळ. जुन्या झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजून कळलं की 1606 ते 1612 ही तिथली सातशेहून जास्त वर्षांतली सगळ्यात कोरडी वर्षं होती. मका पिकवायचे ते आसपासचे पोव्हाटन लोक. त्यांनाच पुरत नव्हता, आणि इंग्रज तो कधी तांब्याच्या तुकड्यांवर, तर कधी बंदुकीच्या धाकाने मागत होते. शेवटी 1609 च्या हिवाळ्यात पोव्हाटनांनी किल्ल्याची नाकेबंदी केली. आत तीनशेच्या आसपास माणसं होती. वसंतात उरली साधारण साठ.

तेव्हाचा प्रमुख जॉर्ज पर्सी याने नंतर लिहिलं: आधी घोडे खाल्ले, मग कुत्री, मांजरं, उंदीर, बुटांचं चामडं, आणि शेवटी मेलेली माणसं. कंपनीने मात्र 1610 मध्येच खुलासा छापला होता. एकाने बायकोला मारलं हे खरं, पण भुकेपोटी नाही, त्याच्या घरात धान्य सापडलं! (प्रॉडक्शन सर्व्हर पडल्यावर कस्टमरला जाणारा ईमेल आठवला मला.) पर्सी वाढवून सांगतोय, असं मानणारे अभ्यासकही पुष्कळ होते.

किल्ला तर नदीने कधीच गिळला, असाच समज होता. 1994 मध्ये विल्यम केल्सो यांनी खणायला घेतलं तेव्हा पिवळट मातीत ओळीने काळपट गोल डाग दिसले. खांब कुजून गेले होते, पण त्यांचे डाग राहिले होते. किल्ला जवळपास अख्खा जमिनीवरच होता.

2012 मध्ये तिथल्या एका तळघरात, घोड्याकुत्र्यांच्या हाडांमध्ये, माणसाची अर्धवट कवटी आणि नडगीचं हाड मिळालं. स्मिथसोनियनच्या डग्लस औस्ली यांनी ते तपासलं. मुलगी, वय साधारण 14, इंग्लंडहून आलेली. कपाळावर चार उथळ घाव आहेत, हात कचरत होता असे. मग डोक्याच्या मागे जोरदार घाव, आणि जबड्यावर सुरीचे बारीक ओरखडे. हे सगळं ती मेल्यानंतरचं. ती कशाने मेली ते हाडांवरून कळत नाही. नावही कळत नाही. संशोधकांनी तिला ‘जेन’ म्हटलं.

आणि हे पुरावे टिकले कसे? जून 1610 मध्ये उरलेले लोक किल्ला सोडून निघालेही होते. वाटेतच नवा गव्हर्नर लॉर्ड डे ला वॉर याची खबर आली आणि सगळे मागे फिरले. त्याने आल्या आल्या हुकूम सोडला: आधी ही घाण साफ करा. लोकांनी मग किल्लाभर पडलेला कचरा गोळा करून जवळच्या खड्ड्यांत आणि तळघरांत लोटला. त्याच कचऱ्याबरोबर जेनही गेली.