केसाळ इतिहास

आमच्या घरात माणसे दोन, कुत्रा एक आणि मांजर एक. पण केरातल्या केसांवरून हिशेब केलात तर निदान चाळीस जनावरे निघतील. (त्यात माझा वाटा नाही. माझे केस कधीच संपले.) सौभाग्यवतींना दम्याचा त्रास. डॉक्टर म्हणाले, "प्राणी तरी कमी करा, नाहीतर केर तरी." घरी येताना ही म्हणाली, "मोत्या कुठेही जाणार नाही. डॉक्टर बदला."

डॉक्टर बदलण्यापेक्षा आपोआप केर काढणारा यंत्रमानव आणणे मला सोपे वाटले. पण वस्तूचा इतिहास कळल्याशिवाय माझा हात पाकिटाकडे जात नाही.

हा इतिहास लंडनमध्ये सुरू होतो. तिथे ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनियरने धूळ फुंकून उडवणारे एक यंत्र पाहिले. फुंकण्यापेक्षा ओढली तर? म्हणून त्याने एका हॉटेलातल्या खुर्चीवर रुमाल पसरला, त्याला तोंड लावले आणि जोरात श्वास ओढला. गुदमरला बिचारा, पण रुमालाला धूळ चिकटली होती! १९०१ साली त्याने घोडागाडीएवढे यंत्र बनवले. ते रस्त्यात उभे राही आणि खिडक्यांतून नळ्या आत जात. पुढे अमेरिकेत ओहायोतल्या जेम्स स्पँग्लर या झाडूवाल्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हातात मावणारे यंत्र केले. १९०८ साली त्याला पेटंट मिळाले. त्याला दमा होता. हे ऐकल्यावर आमच्या घरी स्पँग्लर जवळजवळ नातेवाईक झाला.

२००२ साली रुंबा हा यंत्रमानव निघाला. त्याच कंपनीची लष्करी यंत्रे तेव्हा अफगाणिस्तानातल्या गुहा तपासत होती. पण घरातला यंत्रमानव आंधळा, धडकत धडकत फिरणारा. त्याच्या ब्रशात केस अडकत, म्हणून २०१३ साली ब्रशाच्या जागी रबरी रूळ आले. खरे संकट केसांहून ओले होते. २०१६ साली अर्कान्सातल्या एका गृहस्थाकडे कुत्र्याच्या पिल्लाने रात्री जे केले, ते यंत्राने इमानेइतबारे घरभर सारवले. २०२१ साली कॅमेऱ्याचे यंत्र आले, तेव्हा कंपनीने हमीच दिली : कुत्र्याची 'घट्ट' विष्ठा चुकवता आली नाही तर यंत्र बदलून देऊ. त्या 'घट्ट'मागे किती वकील बसले असतील!

आमचा मोत्या चौदा वर्षांचा. रात्री त्याला आवरत नाही आणि घट्टपणाची हमी तोही देऊ शकत नाही.

दुकानदार म्हणाला, "साहेब, रबरी रूळवालं स्वस्तात बसवतो. कॅमेरावालं दुप्पट पडेल."

मी घुटमळलो. ही म्हणाली, "द्या डोळ्यांचे पैसे. मोत्याला हल्ली दिसत नाही. घरात कुणाला तरी दिसायला हवं."

पहिल्या रात्री यंत्र मोत्याच्या गोधडीला वळसा घालून गेले. त्याने मान वर केली, हुंगले आणि पुन्हा झोपला. मनी कपाटावर जाऊन बसली ती सकाळीच उतरली. मी मात्र पहाटेपर्यंत टॉर्च घेऊन यंत्राच्या पुढे पुढे चालत होतो.