पेढी, पान आणि गाव

लहान शहरातले मोठे दुकान म्हटले की मांडून ठेवलेले कापडाचे तागे, काचेची कपाटे आणि गल्ल्यावर बसलेले मालक डोळ्यांसमोर येतात. गोंदियाच्या व्यापाराचा इतिहास मात्र अशा दुकानापेक्षा पेढीत अधिक सापडतो. पेढीवर माल मांडलेला नसतो. तिथे गादी असते, चोपड्या असतात, आणि प्रत्यक्ष व्यवहार दूरच्या जंगलात व त्याहून दूरच्या बाजारात चाललेला असतो.

१८८०च्या दशकात नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग या भागातून गेला, पुढे तो बंगाल-नागपूर रेल्वेकडे आला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जबलपूरकडे जाणारा अरुंद मार्गही त्याला जोडला गेला. भोवतालच्या जंगलात तेंदूची झाडे होती. बिडीचा तंबाखू पिकत होता गुजरातेत, खेडा जिल्ह्याच्या चरोतर भागात. पान इथले, तंबाखू तिथला. या दोहोंची गाठ रेल्वेने घातली आणि चरोतरातील पाटीदार व्यापारी मध्य प्रांतात आले. १८९९-१९००च्या दुष्काळाने गुजरात होरपळून निघाला होता, हेही या स्थलांतराच्या पार्श्वभूमीत विसरता येत नाही.

मनोहरभाई पटेल (१९०६-१९७०) हे या प्रवाहातले गोंदियातील सर्वांत परिचित नाव. जन्म नडियादचा, कर्तृत्व गोंदियाचे. शालेय शिक्षण अल्प, पण बिडीच्या व्यवसायात त्यांनी मोठा विस्तार साधला. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि भंडारा मध्य प्रदेशात होता. १९५२च्या पहिल्या निवडणुकीत ते आमदार झाले. १९५८मध्ये गोंदिया शिक्षण संस्था उभी राहिली. नटवरलाल माणिकलाल दलाल महाविद्यालय, धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय या नावांतून त्या काळातील दातृत्व आजही वाचता येते. ज्या भागातील मुलांना पदवीसाठी नागपूर गाठावे लागे, तिथे ही केवढी मोठी गोष्ट होती हे वेगळे सांगायला नको.

परंतु इमारतीवरची नावे हा इतिहासाचा एकच दस्तऐवज आहे. दुसरा दस्तऐवज पानाचा. एप्रिल-मेच्या उन्हात पहाटे जंगलात जायचे, पाने खुडायची, घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि फळीवर नेऊन मोजून द्यायचे. हजार पुड्यांची एक गोणी. पुढे तीच पाने बिडी वळणाऱ्या बायकांच्या सुपात येतात. मजुरी हजार बिड्यांमागे, आणि ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचा तोटा बहुधा वळणारीच्या वाट्याला. या व्यवसायात मालक आणि मजूर यांच्यामध्ये ठेकेदार उभा असे. त्यामुळे ही बाई नेमकी कोणाची कामगार, हा प्रश्न नेहमीच धूसर राहिला. १९६६चा बिडी व सिगार कामगार कायदा प्रामुख्याने या धूसरपणावरचाच उपाय होता. १९६९च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूपानांचा व्यापार शासनाच्या नियंत्रणाखाली आला. पेढीच्या चोपडीत या हातांचा आकडा होता, नाव नव्हते.

स्थलांतरित व्यापाऱ्याविषयी आपल्याकडे दोनच भाषांत बोलले जाते. एक ‘परप्रांतीय शोषका’ची, दुसरी ‘दानशूर महर्षीं’ची. दोन्ही भाषा आळशी आहेत. पहिली हे विसरते की पेढी आली नसती तर पानाला बाजार मिळाला नसता आणि कदाचित महाविद्यालयही फार उशिरा आले असते. दुसरी हे विसरते की दान ज्या नफ्यातून होते, त्या नफ्याला हजारो बोटांचा स्पर्श असतो. शाळेच्या भिंतीतली वीट जितकी देणगीदाराची, तितकीच पान खुडणाऱ्या बाईचीही. तिची मुलगी त्या शाळेत पोचली का, हा या दातृत्वाचा खरा हिशेब आहे.

वनहक्क कायद्याचा आधार घेऊन २०१३पासून गोंदिया-गडचिरोलीतील काही ग्रामसभा तेंदूपानांचा व्यवहार स्वतः करू लागल्या. लिलाव गावाने करायचा, हिशेब गावाने ठेवायचा. या व्यवहारातही अडचणी आहेत, भाव पडतात, खरेदीदार पाठ फिरवतात. तरी शंभर वर्षांत प्रथमच चोपडी पान खुडणाऱ्यांच्या हाती आली आहे. १९९९मध्ये स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्याचा इतिहास कोणी लिहायला घेतला, तर त्याने पेढीच्या चोपड्यांबरोबर ग्रामसभांच्या या वह्याही मागून घ्याव्यात.