दूध कशात तापवता?

सकाळी नऊच्या सुमाराला पुण्याच्या तांबट आळीत शिरलात, की आधी कान जातात. साल १९८२. कसबा पेठेतल्या या गल्लीत ओट्याओट्यावर हातोड्या चालल्या आहेत. घागरी, बंब, तपेल्या यांच्या अंगावर मठार उठतो आहे आणि आवाजाला थारा नाही. बाजूच्या दुकानात पितळेची भांडी वजनावर विकली जाताहेत. शिरूर तालुक्यातली एक आजी इथूनच गेल्या वर्षी एक पातेलं घेऊन गेली. नातू झाला होता. घरात दुभती गाय होती, हातात पैसा होता आणि बाळाचं दूध सगळ्यांच्या भांड्यात तापवायचं नाही असं तिचं म्हणणं होतं.

एसटीने त्या गावी जा. तुम्ही कुणाला दिसत नाही आणि तुमचं बोलणंही कुणाला ऐकू जात नाही, एवढी एकच अट. स्वयंपाकघरात चुलीवर तेच पातेलं आहे. दूध निम्म्याला निम्मं पाणी घालून पातळ केलंय, तान्ह्या पोटाला जड पडू नये म्हणून. सकाळी उकळलं, झाकून त्यातच ठेवलं. दुपारी तेच कोमट केलं, संध्याकाळी पुन्हा. जरा वाकून आत पाहा. कल्हईचा पांढरा थर कडेला शाबूत आहे, पण तळाला घासून घासून पिवळं पितळ उघडं पडलंय. कल्हईवाला दिवाळीच्या आधी येऊन गेला होता. भाता, नवसागराचा पांढरा धूर, कथलाचा तुकडा आणि तापल्या भांड्यात गरगर फिरणारा कापसाचा बोळा, हे सगळं झालं की भांडं आतून आरशासारखं व्हायचं. तेव्हापासून तो या बाजूला फिरकलेला नाही.

आजी अडाणी आहे असं मनातही आणू नका. याच पातेल्यात तिने ताक कधीच ठेवलं नसतं. ते कळकतं, हे तिला परकर नेसायच्या वयापासून ठाऊक आहे. पण दूध आंबट नाही. पितळातलं तांबं दुधात उतरतं आणि दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटून बसतं. रंग बदलत नाही, वास येत नाही, चव बिघडत नाही. सून बोंडल्याने बाळाला पाजते आहे आणि तिला संशय यावा असं त्या घोटात काहीच नाही.

मोठ्या माणसाचं यकृत जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. तान्ह्याचं तसं नसतं. आईच्या पोटातून येतानाच त्याच्या यकृतात तांब्याचा बराच साठा असतो आणि पित्तावाटे ते काढून टाकायची वाट अजून पुरती चालू झालेली नसते. अंगावरच्या दुधात तांबं अगदी थोडं, म्हणून निभावतं. वरचं दूध दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून, तेही अशा पातेल्यातलं, म्हणजे जाणारी वाट अरुंद असताना येणारी रुंद केली. (आज तांब्याच्या बाटलीतून पाणी पिणारे धास्तावले असतील. धडधाकट मोठ्या माणसाचा आणि तीन महिन्यांच्या बाळाचा हिशोब एक नव्हे. पण त्या बाटलीत लिंबू पिळणाऱ्यांना ही आजी दोन शब्द सुनावेल.)

आता रास्ता पेठेत या, केईएम रुग्णालयात. बाळ वर्षाचं झालंय आणि ‘पोट मोठं दिसतंय’ म्हणून आणलंय. किरकिर करतं, खात नाही, अंगात कणकण असते. डोळे मात्र अजून पांढरे आहेत. तरुण डॉक्टरीणबाई तळहात चोळून ऊबदार करतात आणि बाळाच्या उजव्या बरगडीखाली बोटं सरकवतात. यकृताची कड एरवी मऊ लागते. इथे ती कडक आणि धारदार आहे. मुलांचे जुने डॉक्टर तिला पानाच्या कडेची उपमा देत, आणि एकदा बोटांना लागली की ती विसरत नाही. डॉक्टरीणबाई काही बोलत नाहीत. सून त्यांच्या चेहऱ्याकडे बघते. तिकडे तुम्ही बघू नका.

हा आजार जुना. कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ साली त्याचं वर्णन केलं, पुढे त्याला ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’ हे नाव पडलं. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतची मुलं, त्यात मुलगे जास्त, आणि एकाच घरात एकापाठोपाठ भावंडं. एकदा कावीळ दिसली की बहुतेकांचे महिनेच मोजायचे. कुणी विषाणूवर संशय घेतला, कुणी शेंगदाण्याच्या बुरशीतल्या विषावर, कुणी आनुवंशिकतेवर. घराघरांतून आईच्या खाण्यावर. या शेवटच्या संशयाने किती सुनांना छळलं असेल, त्याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही.

बाळाला गुंगी देऊन सुईने यकृताचा धाग्याएवढा तुकडा काढतात. त्याआधी रक्त नीट गोठतंय ना, हे तपासतात, कारण यकृत बिघडलं की गोठणंही बिघडतं. काचेवरच्या चकतीला ऑर्सीन नावाचा रंग देतात. हा रंग मुळात शैवाकापासून काढलेला, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या नातलगांकडून आलेला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावा. पेशी फुगलेल्या आहेत, त्यांच्याभोवती तंतूंचं जाळं विणलं गेलंय आणि जिथे तिथे गडद तपकिरी कण भरलेत. हे तांबं धरून बसलेलं प्रथिन. लंडनच्या प्रयोगशाळेत १९७८-७९ च्या सुमाराला हेच दिसलं आणि मग तांबं मोजलं गेलं. निरोगी यकृताच्या वाळवलेल्या एका ग्रॅममध्ये ते ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं. या मुलांमध्ये ८०० च्या वर, कित्येकदा हजारांत.

निदान झालं, पण अर्धंच. तांबं आलं कुठून? ते काचेवर दिसत नाही, त्यासाठी विचारावं लागतं. केईएममध्ये डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित, त्यांच्याबरोबर इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर, हे आजारी आणि निरोगी मुलांच्या घरांतून तेच विचारत होते. वॉर्डातल्या बाकावर बसून तुम्हीही ऐका.

“बाळाला वरचं दूध कधी सुरू केलंत?”

“तिसरा लागला तेव्हा. हिच्या अंगावरचं पुरंना,” सुनेच्या आधी आजीच उत्तर देते.

“दूध कशात तापवता?”

“पातेल्यात.”

“कसल्या पातेल्यात?”

“अवो बाई, चांगल्या पातेल्यात! खास त्याच्यासाठीच आणलंय.”

“पितळी का?”

“मग? जर्मनच्या भांड्यात का देऊ नातवाला?”

माझ्या मते या आजाराच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा तपास हाच. यात सुई नाही, रंग नाही, यंत्र नाही. आणि आपलेपणाचा अपमान न करता तो करायचा, हे खरं कसब.

१९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ने या मंडळींचा निबंध छापला. आजारी मुलांना वरचं दूध लवकर सुरू झालेलं होतं आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यातलं होतं. निरोगी मुलांच्या घरी असं फार कमी. तरी शंका उरतेच. त्याच आळीतली पातेली हजारो घरांत होती, मग मोजक्याच मुलांना का? उत्तराचा काही भाग ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतात सापडला. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बालकं अशाच आजाराने गेली. दूध तांब्याच्या, कल्हई नसलेल्या भांड्यांतलं होतं आणि वंशावळी मांडल्यावर आनुवंशिक दोषही दिसला. भांडं आणि रक्त, दोन्ही जुळावं लागतं. १९९६ मध्ये हे छापून आलं, तेव्हा नावातला ‘इंडियन’ जरा ओशाळला असेल.

पण तुम्ही १९८०च्या दशकात आहात आणि बाळ खाटेवर आहे. औषध म्हणजे पेनिसिलामाइन. विल्सनच्या आजारातही तांबं साठतं. त्यासाठी १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी हे आणलं. ते तांब्याला पकडून लघवीवाटे बाहेर नेतं. पुण्यात त्याच्या चाचण्या झाल्या. शेजारच्या खाटेवरचं मूल पिवळं पडलंय, पोटात पाणी झालंय, त्याला याचा उपयोग होणार नाही. आपल्या बाळाचे डोळे पांढरे आहेत. लवकर आलेल्या मुलांपैकी काही वाचली आणि त्यांच्यातल्या काहींचं यकृत पुढच्या तपासणीत चक्क सुधारलेलं दिसलं. हे मूल त्यांतलं निघेल की नाही, हे या खाटेपाशी कुणालाच सांगता येत नाही. घरी सोडताना मात्र एक गोष्ट ठणकावून सांगितली जाते: ते पातेलं बंद, पुढच्या बाळालाही.

दोन वर्षं पुढे या. त्याच घरात नवी तान्ही आली आहे. चुलीवर स्टीलचं पातेलं, पातळ बुडाचं, दूध सारखं लागतं म्हणून आजी करवादते. गावोगाव स्टील आणि जर्मन, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, पोचलंय, ते डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा स्वस्त आणि घासायला सोपं म्हणून. त्यामुळे या आजाराला कुणी किती हरवलं, याची वाटणी काटेकोर करता येत नाही. आज मुलांच्या डॉक्टरांची नवी पिढी तो पुस्तकातच वाचते.

बाजाराच्या दिवशी आजी पितळी पातेलं मोडीत घालायला निघते. दुकानदार तराजूत टाकतो आणि घट धरून भाव सांगतो.

“घट कसली? कोरं आहे ते,” आजी म्हणते.

“आजी, कल्हई वजनात धरत नाही.”

“कल्हई राहिलीय कुठं त्याला! नीट जोख.”