सोन्याचे नॅनोकण कॅन्सरची गाठ कशी जाळतात?

मोबाईलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोट दाबून धरा. बोट लाल दिसतं, कारण प्रकाशातला निळा-हिरवा भाग रक्तात शोषला जातो आणि लाल तेवढा आरपार येतो. लालच्याही पुढचा, डोळ्यांना न दिसणारा निअर-इन्फ्रारेड प्रकाश (टीव्हीच्या रिमोटमधून निघतो त्या जातीचा) शरीरात आणखी खोल जातो. हा सगळा उपचार त्यावरच उभा आहे.

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात नाओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांनी यासाठी 'नॅनोशेल' वापरले. आत सिलिकाचा, म्हणजे काचेसारखा गोळा आणि वर सोन्याचा पातळ थर. अख्खा कण साधारण १५० नॅनोमीटरचा, केसाच्या जाडीच्या पाचशेव्या भागाएवढा. गोळा केवढा आणि थर किती जाड, यावरून कण कोणता प्रकाश शोषणार हे ठरतं. रेडिओचं स्टेशन लावतो तसंच. इतक्या लहान कणात सोन्यातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकत्र डोलतात आणि ती ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. थोडक्यात, सोनं इथे औषध नाहीच, हीटर आहे. स्विच म्हणजे लेझर.

२०१९ मध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या १६ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. कण शिरेतून सोडले, दुसऱ्या दिवशी बारीक फायबरने लेझर गाठीपर्यंत नेला. १५ जणांचा उपचार पूर्ण झाला आणि वर्षभरानंतर उपचार केलेल्या ८७.५ टक्के जागी कॅन्सर सापडला नाही. निकाल छान आहे, पण रुग्ण मोजकेच होते आणि गाठी कमी ते मध्यम धोक्याच्या, एकाच जागी असलेल्या.

मग सगळ्या कॅन्सरवर हेच का नाही? खरी अडचण डिलिव्हरीची आहे. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, त्यातून कण आत झिरपतील अशी अपेक्षा असते. पण टोरंटोच्या संशोधकांनी दहा वर्षांतले प्रयोग एकत्र तपासले (हे बहुतेक उंदरांवरचे), तेव्हा २०१६ मध्ये आकडा निघाला ०.७ टक्के. शिरेतून दिलेल्या हजार कणांतले जेमतेम सात गाठीत पोहोचतात! बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहेत अडकतात.

यावर एक सरळ तोडगा म्हणजे कण थेट गाठीतच टोचायचे. हाफ्नियम ऑक्साइडचे कण असेच देतात. ते रेडिएशन जास्त पकडतात, त्यामुळे तोच डोस गाठीला जास्त झोंबतो. सॉफ्ट टिश्यू सार्कोमाच्या चाचणीत गाठ जवळपास पूर्ण मेल्याचं प्रमाण ८ वरून १६ टक्क्यांवर गेलं. दुप्पट खरं, पण १०० पैकी ८४ जणांना तो फायदा मिळाला नाही, हेही तितकंच खरं.

आता व्हॉट्सॲपवर फिरणारे 'नॅनो गोल्ड' थेंब. पोटात घेतलेल्या सोन्यावर लेझर कोण मारणार? स्विचच नाही, तर हीटर तापणार कसा? त्यापायी घरातल्या कोणाची केमो किंवा रेडिएशन पुढे ढकललं जात असेल, तर ते आजच थांबवा. कुणी 'चाचणी चालू आहे' म्हणत असेल, तर तिचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक मागा. भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची ही सरकारी नोंदवही ऑनलाइन आहे, फोनवरही उघडते.